सोयाबीनला युरिया टाकला आणि मुळावरच्या गाठी आतून पांढऱ्या, असं का?

काळी_माती: पेरणीच्या वेळी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू) लावलं होतं, नंतर पिवळं दिसतंय म्हणून युरियाचा हात मारला. आता झाड उपटून बघितलं तर गाठी कमी, चिरल्या तर आतून पांढऱ्या. शेजाऱ्याच्या मस्त गुलाबी आहेत. जिवाणू मेले का?

प्रयोगशाळेतला: मेले असतीलच असं नाही, दुकान बंद करून बसले असतील. नायट्रोजनच्या एका रेणूचा अमोनिया करायला किमान 16 एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) लागतात, आणि ती ऊर्जा बनवायला लागणारी साखर झाडच पुरवतं. युरियापासून जमिनीत आयतं नायट्रेट मिळालं की झाड गाठींना पोसायचं कमी करतं, नव्या गाठीही कमी येतात.

आणि गुलाबी रंग म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊच म्हणा. नायट्रोजनचा अमोनिया करणारं नायट्रोजिनेज एन्झाइम ऑक्सिजनने बिघडतं म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवतं, आणि जिवाणूला श्वासापुरता पोचवतं पण. गंमत अशी की जिवाणूकडे फिक्स-एल नावाचं प्रोटीन असतं, ऑक्सिजन कमी झाला की ते फिक्स-जे या दुसऱ्या प्रोटीनला चालू करतं, मग नायट्रोजन पकडायच्या कामाची पुढची जीन्स जागी होतात.

काळी_माती: म्हणजे युरिया टाकून मीच घोळ केला 😅

बांधावरून: गाठी कोवळ्या असल्या तरी पांढऱ्याच दिसतात हो, आठवड्याने परत चिरून बघा. आणि शेतात पाणी साचलंय का? मुळांना हवाच नसेल तर गाठी तशाही काम करत नाहीत.

काळी_माती: खालच्या अंगाला साचलंय खरं. आधी चर काढतो.