माला-एनच्या दोन गोळ्या हुकल्या, आता काय करू?

लातूरकरीण
बायांनो जरा सांगा. वय २६, एक लेकरू हाय तीन वर्षाचं. आशाताईनं माला-एन, ती पाळणा लांबवायची रोजची गोळी दिली, हे दुसरंच पाकीट. शनिवारी औशाला मामेबहिणीच्या लग्नाला गेलते आन पाकीट घरीच राहिलं तुरीच्या डाळीच्या डब्यात (सासूबाईंना माहीत नाही म्हणून तिथं ठेवते). ११ वी आन १२ वी, दोन पांढऱ्या गोळ्या हुकल्या. मालक बी सोबतच होते, समजून घ्या. सोमवारी घरी आल्या आल्या दोन्ही राहिलेल्या आन त्या दिवसाची अशा तीन एकदम गिळल्या तर रातभर मळमळायलं. उलटी नाही झाली. आता कालपासून डाग पडायलेत. शेजारच्या काकू म्हणायल्यात गोळ्यांची गरमी झाली, पुढं लेकरूच राहत नाही. आन ते तांबड्या ७ गोळ्या मागच्या महिन्यात फेकून दिल्या, संडासला काळं व्हायलं होतं म्हणून भेले. दिवस तर राहिले नसतील ना?

गोदाकाठची
मी बी हेच ऐकून दोन वर्षं भेत बसले. गोळी बंद केली आन चौथ्या महिन्याला दिवस राहिले. काकूंना नमस्कार सांगा.

नर्सबाई_परभणी
आधी घाबरू नकोस. पहिल्या १० गोळ्या नीट घेतल्यास ना, मग इमर्जन्सी गोळीची गरज सहसा पडत नाही. पहिल्याच आठवड्यात हुकल्या असत्या तर वेगळं सांगितलं असतं, तेव्हा संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत ती इमर्जन्सी गोळी घ्यावी लागती, जितकी लवकर तितकी चांगली. तीन एकदम घ्यायची गरज नव्हती, शेवटची हुकलेली एक आन त्या दिवसाची एक, बास, पण घेतल्यास तर बिघडलं काही नाही. आता रोजची गोळी चालू ठेव आन सोमवारपासून सलग ७ पांढऱ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायला सांग मालकाला. एकच गोळी हुकली तर आठवलं की घ्यायची, निरोधाचीबी गरज नाही. गोळी घेऊन दोन-तीन तासाच्या आत उलटी झाली तर परत एक घ्यायची, हे बायांना कुणी सांगतच नाही.

डाग पहिले दोन-तीन महिने पडतात, गोळ्या हुकल्या की जास्तच. ते गरमी नाही. तांबड्या गोळ्या म्हणजे नुसतं लोह, त्यात पाळणा लांबवायचं औषध नसतंच, संडास काळी होते ते लोहामुळं. त्या चुकल्या तरी दिवस राहत नाहीत, पण आपल्याकडच्या बायांच्या अंगात रक्त कुठंय, घेत जा. त्या सात दिवसात पाळी आलीच नाही तर आशाताईकडून निश्चय किट (दिवस राहिलेत का ते बघायचं) घे, सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी कर.

आन एक, बीपी कुणी तपासलं का गोळी देताना? बीपी जास्त, पायात गुठळी झालेली, डोळ्यापुढं चमकून अर्धं डोकं दुखणारी, ३५ च्या पुढं तंबाखूची बिडी ओढणारी, ह्यांना ही गोळी नाही. टीबीची रिफाम्पिसिन चालू असंल तरी ही गोळी काम करत नाही नीट.

बीडची_सून
माझी जाऊ ऊसतोडीला जाती, फडात रोज गोळी कुठं लक्षात राहायलीय. तिला छाया नावाची दुसरी पाळणा लांबवायची गोळी दिली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, रविवार-बुधवार आशी, मग आठवड्यातून एकदाच. त्यात हार्मोन नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईलाबी चालती, पाळी मात्र लांबती कधी कधी, तेव्हा घाबरायचं नाही. आमच्याकडं तर पाळीचा त्रास म्हणलं की 'पिशवीच काढून टाक' हाच सल्ला. एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो म्हणून तिशीच्या आत पिशव्या काढल्या बायांनी, २०१९ ला सरकारला समिती नेमावी लागली.

धाराशिवची_लेक
मधीच विचारते, नवरात्रात तुळजापूरला जायचंय, पाळी पुढं ढकलायची गोळी मेडिकलातून आणू का? मी बी माला-एनच घेते.

नर्सबाई_परभणी
काहून दुसरी गोळी? तांबड्या सोडून दे आन पांढऱ्या संपल्या की लगेच नवीन पाकिटाच्या पांढऱ्या चालू कर, पाळी लांबती. मेडिकलातली ती पाळी लांबवायची गोळी वेगळी, तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवून बऱ्याच जणी फसल्यात.

लातूरकरीण
ताई लई उपकार झाले. आता डब्यात नाही ठेवत, मोबाईलला रात्री नऊचा गजर लावला आन नाव टाकलं 'विरजण'. काल वाजला तर सासूबाई म्हणल्या, आजकालच्या पोरींना दही लावायला बी गजर लागतोय व्हय.