मिग अ‍ॅली : निकाल कुणी लावला, विमानाने की वैमानिकाने?

नभोवीर : कोरियन युद्धातल्या (१९५०-५३) सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ आणि अमेरिकन सेबर या लढाऊ विमानांची तुलना निघाली की लोक इंजिनाची ताकद मोजत बसतात. माझं मत स्पष्ट आहे, निकाल वैमानिकांनी लावला. मिग जास्त उंच जायचं, भराभर चढायचं. त्यावर ३७ मिमीची एक आणि २३ मिमीच्या दोन तोफा. सेबरवर नुसत्या सहा मशीनगन. तरी चीन-उत्तर कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या दक्षिणेला, ‘मिग अ‍ॅली’ म्हणायचे त्या पट्ट्यात, अमेरिकन वरचढ ठरले, कारण त्यांच्यातले बरेच जण महायुद्ध लढून आले होते. समोरच्या चिनी पोरांना उड्डाणाचा सरावच तुटपुंजा.

रेवा : फक्त चिनी पोरं? १९५१ मध्ये तिथे मुख्यतः सोव्हिएत वैमानिक लढत होते. त्यांच्या एका डिव्हिजनचा प्रमुख इव्हान कोझेदुब, महायुद्धात ६२ विमानं नावावर असलेला (त्याला स्वतःला लढाईत उडायची परवानगी नव्हती). पेपेल्यायेव, सुत्यागिन या सोव्हिएत वैमानिकांना नवशिके म्हणणार का? २३ ऑक्टोबर १९५१ ला उत्तर कोरियातल्या नामसी विमानतळावर आलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बरची सोव्हिएतांनी अशी दाणादाण उडवली की अमेरिकेला बी-२९ चे दिवसाचे हल्ले थांबवावे लागले. आणि एका सेबरमागे दहा मिग पाडली, हे १०:१ चं गुणोत्तर अमेरिकन हवाई दलाचंच. पुढच्या अभ्यासात ते बरंच खाली आलंय.

नभोवीर : हे तर माझ्याच बाजूचं झालं. कसलेले सोव्हिएत होते तोवर लढत तुल्यबळ, १९५२ मध्ये त्यांच्या जागी नवे आले आणि मिग जास्त पडू लागली. विमान तेच!

मिलिंद_पुणे : तेच कसं? सेबर सुधारत गेलं. ई मॉडेलला पूर्ण हलणारी आडवी शेपटी, एफला जास्त ताकदीचं इंजिन. शिवाय जी-सूट! कडक वळणात रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सेबरवाल्याला सूट आवळून धरायचा, मिगवाल्याकडे तो नव्हताच. याला कौशल्य म्हणू नका.

शर्वरी : जिद्दीचं कुणीच बोलत नाही. सोव्हिएतांना समुद्रावर जायला मनाई, आघाडीजवळ जायला मनाई. आपण युद्धात आहोत हेच लपवायचं होतं. त्यांचं मुख्य काम बॉम्बर अडवणं. सेबरवाले मात्र मिग शोधायलाच निघायचे, पाच पाडली की ‘एस’. यालूवर इंधन थोडाच वेळ पुरायचं, तरी काहींनी बंदी मोडून नदी ओलांडली. आपल्याकडे बघा, ७ सप्टेंबर १९६५, सरगोधा. स्क्वाड्रन लीडर देवय्यांचं मिस्टेर, समोर पाकिस्तानचं, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्टारफायटर. त्यांनी ते पाडलं, स्वतः परतले नाहीत. महावीरचक्र जाहीर व्हायला १९८८ उजाडलं.

नभोवीर : देवय्यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण स्टारफायटरचे पंख आखूड, वळणाच्या झुंजीत ते कमी पडायचं. वेगात येऊन मारा करून निघून जाणं ही त्याची लढाई. झुंज वळणांवर गेली तिथेच मिस्टेरला संधी मिळाली, आणि ती साधायला हात बसलेला लागतो. मिलिंद, तुमचा यंत्राचा हिशोब इथे कसा लावणार?