खिडक्या बदलण्याआधी खालचा ट्रॅक बघा

फ्लॅट विकण्याआधी सगळ्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) बसवू का, असं विचारलंय तुम्ही. मी म्हणेन, नका. घेणारा बहुतेक वेळा आल्या आल्या आपल्या आवडीचं काम काढतो. आम्ही डोंबिवलीचं घर विकताना फक्त दुरुस्ती केली. बेडरूमच्या स्लायडिंग खिडकीखाली दर पावसाळ्यात ओल, भिंतीला पोपडे. पाहिलं तर ट्रॅकमधली, म्हणजे खिडकी सरकते त्या खालच्या पट्टीतली, पाणी बाहेर जायची भोकं रंगकामातल्या पुट्टीने बुजलेली! तारेने मोकळी केली, रोलर आणि रबर बदललं, बाहेरून सिलिकॉन भरून घेतलं. खिडकीची काच एका बोटाने सरकायला लागली. भिंत मात्र पूर्ण वाळल्यावरच रंगवा, आणि ओल येत होती हे घेणाऱ्याला आधीच सांगा. आम्ही सांगितलं होतं.