कार्बन कर नेमका कुठे लावायचा, आणि आलेल्या पैशाचं काय करायचं?

जमाखर्च (धागाकर्ता)

हवामानबदल रोखायला सरकारने राजकोषीय (म्हणजे कर आणि अनुदानं यांचे) उपाय वापरावेत, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं आणि 'कार्बन कर लावा' म्हणून चर्चा संपते. मला त्याच्या पुढचं जाणून घ्यायचं आहे.

कर वसूल कोणाकडून करायचा? प्रत्येक गाडीच्या धुराला मीटर लावता येत नाही. बोजा गरिबांवर पडू नये म्हणून नक्की काय करतात? आणि कराच्या भानगडीत न पडता फक्त अनुदानं दिली तर काय बिघडतं?

तत्त्वचर्चा भरपूर वाचली आहे. यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडते, ते कृपया सांगा.

---

आकडेमोड

मीटर लागतच नाही. इंधनात जेवढा कार्बन आहे तेवढाच जळून बाहेर पडणार, त्यामुळे धूर मोजण्याऐवजी इंधन मोजायचं. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्या हिशेबाने पेट्रोल लिटरमागे साधारण २.३ किलो, डिझेल २.७ किलो, नैसर्गिक वायू घनमीटरमागे २ किलोच्या आसपास आणि दगडी कोळसा प्रतीनुसार टनामागे २ ते २.५ टन.

म्हणून वसुली होते ती खाणीच्या तोंडाशी, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या फाटकावर आणि आयात बंदरात. बहुतेक देशांत अशी ठिकाणं फार तर काही शे. तिथे उत्पादन शुल्कासाठी मोजमाप आधीपासून होतच असतं, त्यामुळे नवं खातं उभारावं लागत नाही.

कायदा लिहिताना या जागा सांभाळाव्या लागतात:

- दर 'टन कार्बन'वर की 'टन कार्बन डायऑक्साइड'वर, हे स्पष्ट हवं. दोन्हींत ३.६७ पटींचा फरक आहे. दोन देशांच्या दरांची तुलना करताना हा घोळ हमखास होतो.
- न जळणारा माल वगळायचा. नाफ्थ्यातून प्लास्टिक होतं, डांबर रस्त्यावर जातं. त्यांना परतावा हवा, पण वापराचा पुरावा मागूनच. नाहीतर परताव्यावर घेतलेला माल भट्टीत जातो.
- सिमेंट सुटतं. त्याचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन इंधनातून नव्हे, चुनखडी भाजताना निघतं. टनभर क्लिंकरमागे (सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे) अर्धा टन तर त्यातूनच. तिथे कर उत्पादनावर लावावा लागतो.
- गुरं, भातखाचरं आणि कचराडेपो यांतला मिथेन या जाळ्यात येत नाही. त्याला वेगळी हत्यारं लागतात.

आता दराचा परिणाम बघा. टनाला ५० युरो कर धरला तर पेट्रोल लिटरमागे साडेअकरा सेंटांनी महागतं. तेलाच्या भावात एवढी चढउतार एरवीही होत असते. तोच कर कोळशावर टनामागे १०० ते १२५ युरो होतो, म्हणजे कोळशाची किंमत जवळजवळ दुप्पट. त्यामुळे कार्बन कराचा पहिला धक्का वीजनिर्मितीला बसतो, गाड्यांना नाही. पेट्रोल १० टक्के महागलं तर पहिल्या वर्षात खप १ ते ३ टक्केच घटतो. लोक गाडी किंवा घर बदलतात तेव्हा कुठे परिणाम वाढतो.

विजेतही एक अट आहे. कोणता वीजनिर्मिती संच आधी चालवायचा हे त्या दिवशीच्या खर्चावर ठरत असेल, तरच कोळशाचा संच मागे पडतो. जुन्या करारांनुसार वीज घ्यायचीच असेल आणि इंधनाचा वाढीव खर्च जसाच्या तसा बिलात टाकायची मुभा असेल, तर ग्राहकाचं बिल वाढतं आणि धूर तेवढाच राहतो. कर लावण्याआधी वीज खरेदीचे नियम वाचावेत ते याचसाठी.

---

उलटतपासणी

वर वसुलीचं उत्तम आलं आहे. पण वसुलीमुळे कर फसल्याचं उदाहरण शोधावं लागेल. कर फसतात ते पैसे कोणाला, कधी आणि कसे परत मिळतात यावर, आणि त्यातही 'कधी' सगळ्यात महत्त्वाचं.

आधी अनुदान काढण्याची उदाहरणं घेतो, कारण इंधनावरचं अनुदान म्हणजे उणे कार्बन करच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरातली अशी थेट अनुदानं सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होती. ती तशीच ठेवून वर कार्बन कर लावणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं.

नायजेरियाने १ जानेवारी २०१२ ला अनुदान एका रात्रीत काढलं. पेट्रोल लिटरला ६५ नायरांवरून १४० च्या पुढे गेलं, देशभर संप झाला आणि दोन आठवड्यांत भाव ९७ वर आणावा लागला. इक्वेडोरने ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच केलं आणि त्याच महिन्यात हुकूम मागे घेतला. दोन्हीकडे भाव आधी वाढले. भरपाईचं फक्त आश्वासन होतं.

इराणने २०१० च्या डिसेंबरमध्ये क्रम उलटा ठेवला. आधी घरटी बँक खाती, त्यांत रक्कम जमा, पण ती काढता येणार भाव वाढतील त्याच दिवशी. दंगे झाले नाहीत. पुढे मात्र दोन चुका भोवल्या. रक्कम जवळजवळ सगळ्यांनाच दिल्याने खर्च वाढीव महसुलापेक्षा जास्त झाला, आणि ती रियालमध्ये कायम ठेवल्याने महागाईने काही वर्षांत तिची किंमत खाल्ली. भरपाईची रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढेल असं कायद्यातच लिहायला हवं होतं.

फ्रान्सचा कार्बन कर २०१८ मध्ये टनाला ४४.६ युरोंवर पोचला. त्याच वर्षी तेलही महागलं होतं, महसुलाचा मोठा भाग सर्वसाधारण तिजोरीत जात होता आणि शहराबाहेर राहणाऱ्यांना गाडीशिवाय पर्याय नव्हता. पिवळ्या जॅकेटांचं आंदोलन झालं आणि दर तिथेच गोठला. तेलाचा भाव ठरावीक पातळीच्या वर गेला की त्या वर्षीची करवाढ आपोआप पुढे ढकलली जाईल, असं एक कलम असतं तर निदान ठिणगी पडली नसती, असं माझं मत.

परतावा दिसणंही तितकंच गरजेचं. स्वित्झर्लंड २००८ पासून घर तापवायच्या इंधनावर कर घेतो आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश परत करतो. लोकांचा वाटा आरोग्यविम्याच्या हप्त्यात वजावट म्हणून मिळतो. प्रशासनाला सोयीचं आहे, पण ती ओळ वाचतो कोण! कॅनडात परतावा सुरुवातीला वार्षिक विवरणपत्रात मुरून जायचा. २०२२ पासून तो दर तिमाहीला खात्यात येऊ लागला, तोवर पंपावरचा कर सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा कर बंद झाला, मोठ्या उद्योगांवरचा राहिला.

टिकलेलं उदाहरण स्वीडनचं. १९९१ मध्ये सुरुवात, आज दर टनाला १०० युरोंच्या वर. पण त्याच वर्षी आयकर मोठ्या प्रमाणात कमी केला होता, उद्योगांची सवलत टप्प्याटप्प्याने काढली, आणि घरं तापवायला सामायिक उष्णतेच्या वाहिन्या बऱ्याच शहरांत आधीपासून होत्या. तेलाची भट्टी सोडायची तर जायला दुसरी जागा होती.

---

जमाखर्च

दोघांचेही आभार. एक शंका: कर घेऊन पैसे परतच द्यायचे असतील तर इंधन कोण कशाला वाचवेल?

---

आकडेमोड

परतावा माणशी सारखा असतो, लिटरवर नसतो. मेख तिथेच आहे.

एक जण वर्षाला १००० लिटर जाळतो, दुसरा २०० लिटर. कर लिटरमागे साडेअकरा सेंट. पहिला ११५ युरो भरतो, दुसरा २३, एकूण १३८. समान वाटणी केली तर प्रत्येकाला ६९. पहिल्याचे ४६ गेले, दुसऱ्याला ४६ मिळाले. आता पहिल्याने १०० लिटर वाचवले तर त्याचे साडेअकरा युरो वाचतात आणि लाखो लोकांत वाटला जाणारा परतावा त्याच्या वाचवण्याने जाणवण्याइतका कमी होत नाही. इंधन जपायचं कारण तसंच शिल्लक राहतं.

यात एक अपवाद मात्र खरा आहे. गरीब असूनही भरपूर इंधन लागणारी काही घरं असतातच: लांबचा प्रवास, जुनी गाडी, थंड प्रदेश. सरासरीत ती दिसत नाहीत आणि रस्त्यावर तीच उतरतात. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी लागते.

---

ऊनवारा

फक्त अनुदानं दिली तर काय बिघडतं, त्यावर.

पहिला घोटाळा: जे एरवीही घेणारच होते त्यांनाही पैसे जातात. दुसरा: स्वच्छ गोष्ट स्वस्त होते, घाणेरडी महाग होत नाही, त्यामुळे नवी वस्तू जुनीच्या जोडीला येते, जागी येत नाही. तरीही मी अनुदानांच्या बाजूचा आहे, कारण पैसा व्याज कमी करण्यावर खर्च केला तर तो भरपूर पुरतो.

सौर आणि पवन प्रकल्पांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. १००० चं कर्ज २५ वर्षांत फेडायचं, तर ५ टक्के व्याजाने वर्षाला सुमारे ७१ भरावे लागतात, १० टक्क्यांनी ११०. तीच सौरपॅनेलं, तोच सूर्य, आणि वीज दीडपट महाग. वायूवरच्या वीजघरात मोठा खर्च इंधनाचा असल्याने व्याजाचा एवढा फटका बसत नाही. म्हणून महाग व्याजाच्या देशांत सरकारी हमी, व्याजसवलत किंवा वीज खरेदीदार पैसे बुडवणार नाही याची खात्री हे थेट अनुदानापेक्षा स्वस्त पडतं. फक्त हमी म्हणजे फुकट नव्हे. तिची संभाव्य देणी अर्थसंकल्पात दाखवली नाहीत तर ती एकदम अंगावर येतात.

ठरलेल्या भावाने वीज विकत घेण्याचा धोका स्पेनने दाखवला. सौरविजेला चढा भाव जाहीर केला पण किती मेगावॅटपर्यंत, याची मर्यादा वेळेत पाळली नाही. २००८ या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटहून जास्त सौरक्षमता उभी राहिली. दुसरीकडे ग्राहकांचे दर वाढू दिले नव्हते, त्यामुळे तूट साचत गेली आणि शेवटी आधीच उभ्या राहिलेल्या प्रकल्पांना कबूल केलेला भावही कापावा लागला. त्यातून आंतरराष्ट्रीय लवादाचे दावे लागले. धडा साधा आहे: भाव आणि प्रमाण, दोन्हींपैकी एक तरी बंदिस्त हवं.

लिलावात (ठरावीक क्षमतेसाठी सगळ्यात कमी भाव मागणाऱ्याला कंत्राट) प्रमाण बंदिस्त होतं, पण कमाल भाव चुकला तर तोही फसतो. ब्रिटनने २०२३ मध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी २०१२ च्या किमतींत मेगावॅट-तासाला ४४ पौंडांची मर्यादा ठेवली. पोलाद आणि व्याज महागलं होतं; एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत ती ७३ केली, बोल्या आल्या. उलट बाजूने, अतिस्वस्त बोली लावून प्रकल्पच न उभारणारे असतात. त्यासाठी जप्त होईल एवढी अनामत घ्यावी.

आणि करसवलतीला रोख अनुदान समजू नका. नफाच नसलेल्या नव्या कंपनीला करसवलतीचा उपयोग शून्य. म्हणून अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात ती सवलत दुसऱ्याला विकायची सोय केली होती.

---

परवानाधारक

उत्सर्जन परवान्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. सरकार एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवून तेवढेच परवाने काढतं, आणि कंपन्या ते आपसांत विकत घेऊ-देऊ शकतात. थोडक्यात: करात भाव ठरलेला असतो आणि उत्सर्जन हलतं, परवान्यांत उत्सर्जन ठरलेलं असतं आणि भाव हलतो.

युरोपीय संघाच्या पहिल्या टप्प्यात (२००५ ते २००७) परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले आणि ते पुढच्या टप्प्यात नेता येत नव्हते. खरे आकडे २००६ मध्ये बाहेर आल्यावर भाव कोसळला आणि २००७ अखेर काही सेंटांवर आला. शिवाय वीज कंपन्यांना परवाने फुकट मिळाले, तरी त्यांनी त्यांची बाजारकिंमत वीजदरात लावली आणि नफा खिशात घातला. २०१३ पासून वीजघरांना परवाने मुख्यतः लिलावात घ्यावे लागतात, आणि २०१९ पासून जादा परवाने बाजूला काढून ठेवणारा राखीव साठा आहे. लिलावाला किमान भाव ठेवला की परवाने आणि कर यांतला फरक बराच कमी होतो.

निर्यातदार देशांसाठी एक व्यावहारिक मुद्दा: युरोपचं सीमेवरचं कार्बन शुल्क जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू आहे. सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. मूळ देशात भरलेला कार्बनचा भाव त्यातून वजा होतो. म्हणजे स्वतः कर न लावणारा देश तो महसूल दुसऱ्याच्या तिजोरीत घालतो.

---

उलटतपासणी

एक मुद्दा राहिला, जो अर्थखात्याला आधी दिसतो आणि पर्यावरण खात्याला शेवटी. हा कर यशस्वी झाला की आटतो. त्यावर निवृत्तिवेतनासारखा कायमचा खर्च टांगू नये.

नॉर्वेने विजेच्या गाड्यांना २००१ मध्ये मूल्यवर्धित करातून सूट दिली. २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या विजेच्या होत्या. महसुलाला भोक पडल्यावर २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर कर सुरू केला. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या हलक्या गाड्यांना दर १००० किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर रस्ता आकार लावला. इंधनकरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, धुराचा दंड आणि रस्त्याचं भाडं. विजेची गाडी दंड चुकवते, भाडं नाही. सवलत देतानाच ती कितव्या टक्क्याला संपेल हे जाहीर करून ठेवावं. 'विक्रीत वाटा २० टक्के झाला की निम्मी, ४० ला शून्य' असं कायद्यात असलं की काढताना भांडण होत नाही.

हरित रोख्यांबद्दल (पर्यावरणाच्या कामांसाठीच काढलेले कर्जरोखे) कोणी विचारण्याआधीच सांगतो: ते कर्जच आहे, उत्पन्न नाही. व्याजात मिळणारी सूट एका टक्क्याच्या काही शतांशांची. हिशेब वेगळा ठेवावा लागतो म्हणून खात्यांना शिस्त लागते, हा त्यांचा खरा फायदा.

---

जमाखर्च

भरपूर मिळालं. टप्प्यांनी संपणाऱ्या सवलतीचा एखादा कायदेशीर मसुदा कोणाकडे असेल तर इथेच डकवा.