गुलमर्गसाठी ऑल-माउंटन स्की : ८८ मिमी की १००?

पलासियाकर (इंदूर)
पाच हिवाळे गुलमर्गला जातोय, दर वेळी आठवडाभर. पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) जमतात, पण बर्फ मऊ आणि खोल झाला की दोन्ही पाय दोन दिशांना पळतात. वजन ७४ किलो, उंची १७२ सेंमी. यंदा स्वतःची जोडी घ्यायची हे नक्की. माझ्या मते बुटाखालची रुंदी १०० मिमीच हवी. गंडोल्याचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली जवळपास सगळा उतार मशीन न फिरवलेला, पावडरचा, म्हणजे भुसभुशीत ताज्या बर्फाचा. अरुंद स्की त्यात बुडतात. पटत नसेल तर सांगा.

बर्फवेडा (राजेंद्रनगर)
नाही पटत, दादा. आठवड्यातले किती दिवस तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर असता? वारा सुटला की तो बंद, मग सगळे पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीच्या उतारावर. तिथला बर्फ माणसांच्या वर्दळीने दाबून घट्ट झालेला. १०० मिमीची स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते, आणि कडक बर्फावर तिला कडेवर धरून ठेवायचं तर ताण गुडघ्यावर येतो. तुमचे पाय पळतात ते वजन मागे जातं म्हणून. ८६-८८ घ्या, बुटाखाली कॅम्बर (वर उचललेली कमान) आणि टोकाला रॉकर (वर वळलेला बाक) असलेली. टोक उचललेलं असलं की ती पावडरवरही बऱ्यापैकी तरंगते.

पलासियाकर
वजन मागे जातं हे कबूल, शिक्षकही तेच ओरडत असतात. पण पावडरचा एक दिवस मिळाला तरी त्याच दिवसासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकतो.

सुदामानगरची ताई
रुंदीवर एवढा वाद, आणि बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीबद्दल, कुणी बोलतच नाही! दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या दुकानात वजन-उंची काही न विचारता स्की माझ्या हातात दिल्या. बाइंडिंगच्या टाचेच्या भागावर आकड्याची छोटी खिडकी असते. त्यात ८ दिसत होतं आणि माझं वजन ५४ किलो. पडले, पाय पिळला, बूट सुटलाच नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सहा महिने कठडा धरून जिना चढले. किती जोर आला की बूट सुटेल हे ठरवणारा हा डिन आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्कीइंग करता यावरून तक्त्यातून काढायचा असतो. पन्नाशी गाठली की तो आणखी खाली येतो. माझं ऐका : बूट स्वतःचे घ्या, स्की भाड्यानेच, पण आकडा लावून घेतल्याशिवाय पाय अडकवू नका. आठ दिवसांसाठी एवढं ओझं दिल्लीत विमान बदलत न्यायचं, आणि इथल्या पावसाळ्यात कडांना गंज चढू द्यायचा?

बर्फवेडा
ताई, वाचून फार वाईट वाटलं. पण यात एक गोम आहे. हल्ली पुष्कळ बूट ग्रिपवॉक तळव्याचे, म्हणजे चालायला सोपा असा किंचित वळलेला रबरी तळवा असलेले, येतात. जुनं अल्पाइन बाइंडिंग त्यांच्यासाठी बनलेलंच नाही. ते बूट नीट धरेल आणि वेळेवर सोडेल याचा भरवसा नाही. भाड्याच्या जोडीवर नेमकं ते जुनं निघालं तर? म्हणून बाइंडिंगही आपलंच हवं. गंजाचं म्हणाल, तर परत आल्यावर कडा कोरड्या पुसायच्या, त्यांच्यावरून मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो हिवाळ्यापर्यंत खरवडायचा नाही. माझ्या जोडीने कपाटावर चार पावसाळे काढलेत.

पलासियाकर
आत्ता बूट काढून बघितले. तळव्यावर ग्रिपवॉक कोरलंय, टाचेशी बाजूला ३०५ मिमी. ताई, तुमच्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आकडा वाचला. ग्रिपवॉक चालणारं, डिन ३ ते १० चं बाइंडिंग घेईन आणि बूट सोबत नेऊनच बसवून घेईन. बूट अडकवल्यावर टाचेचा दाब खुणेच्या आत येतो की नाही, तेही उभं राहून बघेन. रुंदी मात्र ९५. त्याच्याखाली येणार नाही.

बर्फवेडा
९५ माझ्या मते अजूनही रुंदच. निदान बाइंडिंगचा ब्रेक (बूट सुटल्यावर स्की घसरू न देणारे दांडे) १०० मिमीचा घ्या, ९० चा स्कीवरून खाली उतरणार नाही.