आईची दाढ, ईआरचं बिल आणि दिवाळीपर्यंत थांबायचा हट्ट

सांगलीकर_एडिसन

नमस्कार मंडळी. आई (वय 67) ग्रीन कार्डवर आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला असते. येऊन पाच वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) नाही. मार्केटप्लेसवरून (सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातून) घेतलेला आरोग्य विमा आहे, पण त्यात दातांचं काहीच येत नाही. डावीकडची खालची दाढ गेल्या हिवाळ्यापासून किडलेली आहे. "दिवाळीत सांगलीला जाऊ तेव्हा आपल्या डॉक्टरांकडे दाखवते, इथे कशाला डॉलर घालवायचे" हे तिचं पालुपद. तोवर लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या आणि ठणका वाढला की तिकडून आणलेली कॉम्बिफ्लाम.

शनिवारी रात्री गाल टम्म सुजला, तोंड नीट उघडेना, अंगात ताप. जवळपासच्या सगळ्या डेंटिस्टांचे फोन रेकॉर्डिंगवर. शेवटी ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नेलं. निम्मी रात्र तिथेच गेली. रक्त तपासलं, सीटी काढला, डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, अँटिबायोटिकची चिठ्ठी दिली आणि कागदावर लिहिलं, 'दोन दिवसांत डेंटिस्टला दाखवा.' दाढ होती तिथेच!

आता सूज उतरली आहे, दुखतही नाही. आणि बिल आलं आहे. विम्याने आपला भाग वजा केल्यावर आमच्या वाट्याला 1,840 डॉलर, कारण डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) अजून भरलेलं नाही. आई म्हणते, "बरी झाले ना, आता दिवाळीलाच बघू." अजून दोन-अडीच महिने आहेत. थांबलं तर चालेल का? आणि एवढे पैसे घेऊन ईआरवाले दाढ का काढत नाहीत, हे कोणी सांगेल का? तिला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे.

कोथरूड_रिटर्न्स

तिकीट पुढच्या आठवड्याचं करा. इथे रूट कॅनल आणि कॅप करण्याच्या पैशांत जाऊन-येऊन काम होतं, वर आंबोळी-चटणी खाऊन येतील. आम्ही सगळे हेच करतो.

नागपुरी_संत्रं

कोथरूडकर, थांबा जरा. ठरवून करायच्या कामाला तुमचा हिशेब बरोबर आहे. पू झालेल्या दाढेला तो लागू नाही.

मी नागपूरची बीडीएस, इथे पुन्हा दोन वर्षं शिकून परवाना घेतला आणि आता न्यू जर्सीतच एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये काम करते. सोमवार सकाळ आमच्याकडे अशाच लोकांची असते. शनिवार-रविवारी ईआरला गेलेले. गेल्या महिन्यात गोदामात काम करणारा एक माणूस आला. त्याने खिशातून घड्या घातलेले कागद काढून माझ्या ट्रेवर ठेवले. वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे, वेगवेगळ्या महिन्यांचे, आणि प्रत्येकावर शेवटची ओळ तीच: डेंटिस्टला दाखवा. दाढ एकच. प्रत्येक वेळी गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, कामावर गेला. मी हिरडीला चीर दिली तेव्हा इतका पू आला की सक्शन धरणाऱ्या मुलीने मास्कवर दुसरा मास्क चढवला. माणूस मात्र खुर्चीतच घोरायला लागला, कारण ठणका थांबला होता.

तर ईआर दाढ का काढत नाही? कारण तिथे आमची खुर्ची नसते, दाताच्या मुळाचा छोटा एक्सरे काढायचं यंत्र नसतं आणि बहुतेक ठिकाणी डेंटिस्टही नसतो. डॉक्टर चांगले असतात, पण दात त्यांच्या शिक्षणात जेमतेम येतात. ते एवढंच बघतात की संसर्ग गळ्याकडे किंवा डोळ्याकडे तर सरकत नाही ना. काकूंचं तोंड उघडत नव्हतं म्हणून सीटी काढला, ते योग्यच केलं. त्यांच्यावर चिडू नका.

अँटिबायोटिकचं असं आहे की ते रक्तातून जातं. किडलेल्या दाढेच्या आतली नस मेली की तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. आजूबाजूची सूज उतरते, जंतूंचं मूळ घर तसंच राहतं. म्हणून "बरी झाले" हे खरं नाही, काकूंना सांगा. हे परत येणार. कधी येईल ते मी सांगू शकत नाही, पंधरा तासांच्या विमानातही येऊ शकतं. त्यात मधुमेह. संसर्गाने साखर चढते आणि चढलेली साखर संसर्गाला बळ देते. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) शेवटचं कधी केलंय? त्यांना दिवाळीपर्यंत थांबवायला मी तरी तयार होणार नाही.

आणि कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दातदुखीवर ही जोडी खरंच चांगली आहे, इथेही आम्ही आधी तीच सुचवतो. पण 67 वय, मधुमेह, आणि असलंच तर बीपी. अशा माणसाने आयब्युप्रोफेन महिनोन्‌महिने घेतलं तर किडनीचं काय? ईआरच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा आकडा) असेल, ते बघा. आणि वर टायलेनॉल देऊ नका, पॅरासिटामॉल म्हणजेच टायलेनॉल. घरोघरी हा डबल डोस चालतो.

आता चिडायचंच असेल तर कशावर चिडायचं ते सांगते. या देशात तोंड शरीरापासून वेगळं काढून ठेवलंय. 1840 मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं कॉलेज निघालं, तेच वैद्यकीय शिक्षणापासून अलग. पुढे विमाही अलगच झाला. 1965 च्या मेडिकेअर कायद्यात दातांचं नेहमीचं काम सरळ वगळलं. मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यात) मुलांचे दात सक्तीने येतात, मोठ्यांचे प्रत्येक राज्याच्या मर्जीवर. ओबामाकेअर म्हणतात त्या आरोग्य विमा कायद्याने 2010 मध्ये मुलांच्या दातांना अत्यावश्यक म्हटलं, मोठ्यांच्या नाही. बाप्पा, मोठं झाल्यावर दात काय शोभेचे होतात? बजेट आवळायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा इथेच लागते. कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये मोठ्यांचं बहुतेक दंतकाम मेडिकेडमधून काढलं, दातांसाठी ईआरला येणारे वाढले. पुढे 2014 मध्ये थोडं आणि 2018 मध्ये उरलेलं परत आणलं.

याउलट ईआरचं दार कायद्यानेच उघडं आहे. 1986 पासून, पैसे असोत-नसोत, आलेल्याला तपासून स्थिर करणं बंधनकारक. मग माणूस जाणार कुठे? देशभरात वर्षाला सुमारे 20 लाख वेळा लोक दातांसाठी ईआरला जातात. त्यातले बरेचसे दिवसा, एखाद्या दवाखान्यात निस्तरले असते.

आमच्या क्षेत्रात डिमॉन्टे ड्रायव्हर हे नाव सगळ्यांना माहीत आहे. मेरीलँडचा 12 वर्षांचा मुलगा. 2007 मध्ये दाढेचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो वारला. दाढ काढायचा खर्च सुमारे 80 डॉलर आला असता, हॉस्पिटलचा गेला अडीच लाखांच्या घरात. तो तर मूल होता, ज्याच्यासाठी कागदावर सोय होती. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. थोडं घाबरवायलाच सांगते.

काय करायचं: याच आठवड्यात दाखवा. खाजगीत दाढ काढायचे साधारण 200 ते 400 डॉलर पडतात. वाचवायची असेल तर रूट कॅनल आणि कॅप मिळून दोन-तीन हजारांवर जातं. नेवार्कला बर्गन स्ट्रीटवर रटगर्सचं डेंटल स्कूल आहे, तिथे शिकणारी मुलं काम करतात, त्यामुळे बरंच स्वस्त पडतं. ट्रेन सोयीची असेल तर मॅनहॅटनमध्ये एनवाययूचं (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं) आहे. आमच्यासारखी सरकारी मदतीची हेल्थ सेंटरं उत्पन्न बघून फी लावतात, पण सगळ्यांकडे डेंटल नसतं, फोन करून विचारा. आता घाईने दातांचा विमा काढायच्या मागे लागू नका. मोठ्या कामांना बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, आणि वर्षाची मर्यादा एक-दीड हजार डॉलरच्या आसपास. पुढच्यासाठी घ्यायचा तर घ्या.

मात्र गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, श्वास लागत असेल, सूज गळ्याखाली उतरली किंवा डोळा मिटला, तर डेंटिस्ट शोधत बसू नका, तातडीच्या मदतीला 911 लावा.

बिलवाली_मावशी

हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे, म्हणून तेवढंच बोलते. लगेच कार्ड काढून भरू नका. आधी आयटमाइज्ड, म्हणजे एकेक बाब वेगळी लिहिलेलं बिल मागा. ईआरच्या भेटीला 1 ते 5 अशी पातळी लावतात, पैसे तिच्यावर ठरतात. तुमच्याकडे सीटी झालाय, त्यामुळे वरची पातळी लागली असेल तर फार वाद घालता येणार नाही, पण न झालेली गोष्ट बिलात नाही ना हे बघा. हॉस्पिटल ना-नफा असेल (इथली बरीच आहेत) तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्यांना भाग आहे, आणि पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज घ्यावाच लागतो. फोनवर "फायनान्शियल असिस्टन्स" असे शब्द वापरा, नुसतं "डिस्काउंट" म्हणाल तर समोरची मुलगी हप्ते बांधून देऊन मोकळी होईल. डॉक्टरांचं बिल बहुधा वेगळं येईल. ते आलं की दचकू नका, आणि हॉस्पिटलची मदत त्याला लागू होईलच असं धरूनही चालू नका.

अर्ज करून काही मिळालं नाही तरी बिनव्याजी हप्ते मिळतात. विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

उपनगरी

पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांसाठी: व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दात असले तरी अचानक उठलेल्या कळेपुरते, तेही अगदी थोड्या रकमेपर्यंत. आधीपासून किडलेल्या दाताला हात वर करतात. आम्ही आता सासूबाईंना बोलावताना तिकिटाआधी डोंबिवलीच्या डेंटिस्टकडे पाठवतो. त्यांना राग येतो, येऊ दे.

सांगलीकर_एडिसन

सगळ्यांचे आभार. क्रिएटिनिन 1.3 आहे, रिपोर्टमध्ये बाजूला खूण आहे. कॉम्बिफ्लामची पाकिटं बायकोने उचलून ठेवली. बिलाचा अर्ज मागवला.

आईला तुमचं वाचून दाखवलं, ताई. त्या मुलाचं ऐकून गप्प झाली. पण नेवार्कचं म्हटल्यावर, "शिकाऊ पोरांच्या हातात मी तोंड देणार नाही." काय सांगू?

नागपुरी_संत्रं

1.3 म्हणजे फॅमिली डॉक्टरांना फोन, आजच. तोवर आयब्युप्रोफेन बंदच.

काकूंना सांगा, सांगलीच्या त्यांच्या डॉक्टरांनीही पहिली दाढ विद्यार्थी असतानाच काढली आहे. मीही. माझ्या पहिल्या पेशंट भंडाऱ्याच्या एक आजी होत्या, मी थरथरतेय बघून म्हणाल्या, "ओढ बाई, मी धरते तुला." इथे तर प्रत्येक टप्प्यावर मागे शिक्षक उभे असतात, ते तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यामुळे वेळ दुप्पट लागतो. जेवून, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जा, सोबत स्वेटर द्या, एसी फार असतो. ईआरचे कागद आणि सीटीची सीडी न्या. काढायची की वाचवायची हे एक्सरे बघून ठरवा. पण खालची मोठी दाढ आहे, जमण्यासारखी असेल तर वाचवा. ती गेली की चावायचा सगळा भार उजवीकडे जातो.

सांगलीकर_एडिसन

गुरुवारी सकाळची वेळ मिळाली. आईची अट: काढलीच तर दाढ घरी आणू द्यायची, सांगलीच्या डॉक्टरांना दाखवणार म्हणते. देतात का?

नागपुरी_संत्रं

मागितली तर देतात. सोबत डबी न्या.