लिटिल चॅम्प्स २००८: निकाल न कळता कसं पाहू?

बोटवाला_भांडुप
नमस्कार मंडळी. वय ५८, मूळ गुहागर, मुक्काम भांडुप. २६ वर्षं बोटीवर फिटर होतो, आता कायमचा साइन ऑफ. प्रश्न वाचून हसाल. हसा.

२००८ ला झी मराठीवर 'सा रे ग म प'चं लिटिल चॅम्प्स चालू होतं, तेव्हा मी टँकरवर. घरी फोन करायचा तर सॅटेलाइटचं कार्ड, मिनिटं नुसती पळायची. आणि आमची ही सांगणार काय, तर "आज मुग्धा काय गोड गायली!" मी इंजिनरूममधून घामाने निथळत वर आलेलो, पोराची फी भरली का ते विचारायचंच राहून जायचं. तेव्हापासून त्या कार्यक्रमावर माझा राग.

गेल्या महिन्यात पाय मुरगळला, घरी बसलो. मुलाने मोबाइलवर प्रथमेश लघाटेचा एक तुकडा लावून दिला. एवढासा पोरगा, रत्नागिरीकडचा, आणि डोळे मिटले तर समोर कुणीतरी जुना गवई बसलाय! मग आर्याचं एक, आळंदीच्या कार्तिकीचं एक, रोहितचं एक. परवा रात्री दीडला ही उठली. म्हटलं, आता ओरडणार. तर म्हणते, "आवाज जरा वाढवा."

आता अडचण. महाअंतिम फेरीला पाचही पोरं होती एवढं ठाऊक आहे. जिंकलं कोण, ते नाही. फेब्रुवारी २००९ लाही मी पाण्यावरच होतो आणि घरी आल्यावर मुद्दाम विचारलं नाही (राग!). इंटरनेटवर सगळे तुकडे उलटसुलट पडलेत, खाली लोकांच्या प्रतिक्रिया. क्रमाने कसं पाहायचं? आणि हात जोडून सांगतो, निकाल कुणी फोडू नका. कोकणातला माणूस, माझं मत कुणाला ते सांगायला नको.

गिरगावची_मावशी
अहो भाऊ, घरात जिवंत गाइड असताना इथे काय विचारताय? वहिनींना शेजारी बसवा. कुठलं गाणं आधी नि कुठलं नंतर, त्यांना पाठ असणार. आमच्या चाळीत अजून निघतं. माझ्या दिराने आर्यासाठी एका रात्रीत एवढे एसएमएस केले, की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी फोन लावायला बॅलन्स नाही. ते एसएमएस पॅकमध्ये धरत नसत, हे त्याला नंतर कळलं.

मोबाइलचा खालचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाका, प्रतिक्रिया दिसणार नाहीत. आणि २०२१ चं पर्व आत्ता बघू नका. त्यात हीच पाच जणं परीक्षकांच्या खुर्चीत आहेत, तिथे कोण काय बोलून जाईल, नेम नाही.

ठेका_धा
मी तबला शिकवतो, दादरला. क्रमाचं सोडा हो काका, एक वेगळा खेळ सांगतो. पहिल्यांदा पाहू नका, नुसतं ऐका. स्पर्धेत गाणं अख्खं नसतं, मुखडा आणि फार तर एखाददुसरा अंतरा. म्हणजे पोराला सावरायला वेळच नाही, पहिला 'सा' लागला तर लागला. वाद्यं थांबून पुन्हा सुरू होतात, तिथे कान द्या. मधल्या मोकळ्या जागेत पोरगं सुरावर उभं आहे की सरकलंय, ते वादक परत आले की लगेच उघडं पडतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसं येतंय तेही बघा. प्रथमेशकडे ते उपजत होतं. रोहितचा पिंड वेगळा, त्याला त्याच मापाने मोजू नका.

मग दुसऱ्यांदा चित्रासकट. सूत्रसंचालन करणारी पल्लवी जोशी पोरांशी कशी बोलते बघा, कुठे लाडीक नाही, कुठे दम देणं नाही. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण द्यायचे तेही स्वरांत. 'नी' मिळाला की आमच्या घरी टाळ्या. हल्लीच्या स्पर्धांत गाण्याआधी पोराच्या घरची गरिबी दहा मिनिटं दाखवतात, ते मला पाहवत नाही.

विरार_फास्ट
काका, निकाल अजिबात सांगत नाही, शप्पथ. पण त्या रात्री आळंदीत काय जल्लोष झाला असेल, विचार करा!

गिरगावची_मावशी
अरे मेल्या.

विरार_फास्ट
नाव कुठे घेतलं मी?? बरं, भरपाई म्हणून एक गोड बातमी, काका. तुमचा प्रथमेश आणि ती मुग्धा, दोघांचं लग्न झालं २०२३ च्या डिसेंबरात. चिपळूणला. तुमच्याच वाटेवर.

बोटवाला_भांडुप
मुग्धा? अलिबागची, ती बारकी, स्टेजवर सगळ्यांत छोटी? म्हणजे आम्ही हरलो, पण सोयरीक कोकणातच राहिली. चालेल.

आळंदीचं वाचून हिच्याकडे बघितलं, तर ही भाजी निवडता निवडता हसतेय. म्हटलं, तुला माहीत होतं तर महिनाभर गप्प का? म्हणते, "तेव्हाच फोनवर सांगत होते. तुम्हीच म्हणालात, कार्ड संपतंय, कामाचं बोल."